कच्ची केळी लपवून ठेवणारा टायरा

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

वार्षिक अंकासाठी साहित्य मागविल्याची सूचना फलकावर लागली आणि वर्गातल्या बहुतेक जणींनी कविता लिहायला घेतल्या. मला कविता जमत नाही. मी भूगोलाची विद्यार्थिनी. गेल्या वर्षी विषुववृत्तीय वनांचा पाठ चालू असताना पुस्तकात तिथल्या प्राण्यांची नावे एका ओळीत येऊन गेली : जॅग्वार, टॅपिर, स्लॉथ, माकडे. पाठ संपता संपता सरांनी सहज सांगितले की, त्या जंगलात टायरा नावाचा एक प्राणी आहे. तो कच्ची केळी तोडतो, लपवून ठेवतो आणि पिकली की येऊन खातो. वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. माझे वडील रावेर तालुक्यात केळीच्या कापणीवर मजूर आहेत. केळ कधी तोडावे, हा आमच्या घरी गमतीचा विषय नाही, पोटाचा आहे.

रात्री जेवताना मी ही हकिगत आबांना सांगितली. तेही हसले नाहीत. थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारले, "का गं, ते जनावर कवळा माल तोडते का भरेल?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. सरांनी एका शोधनिबंधाची झेरॉक्स प्रत दिली, ग्रंथालयातून सस्तन प्राण्यांवरचा एक जाड ग्रंथ मिळाला आणि शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचायला बसले. इंग्रजी वाचायची सवय नसल्यामुळे फार दिवस लागले. त्यातून जे हाती आले ते माझ्या वर्गबंधू-भगिनींसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कुळ आणि रूप

टायरा हा मुस्टेलिडी कुळातला प्राणी. या कुळात वीझल, मार्टेन, बॅजर, मिंक, पाणमांजर असे सुमारे साठ जातींचे प्राणी येतात. लांबट अंग, आखूड पाय, शेपटीखालच्या गंधग्रंथी आणि अंगात न मावणारी चपळाई ही या कुळाची खूण. यांतले सर्वांत लहान वीझल अगदीच हलके, तर सागरी पाणमांजर चाळीस किलोच्याही पुढे जाते. आपल्याकडे नदीकाठी आढळणारे पाणमांजर आणि हिंदीत ज्याला बिज्जू म्हणतात ते चांदी अस्वल हे याच कुळातले. चांदी अस्वलाचे नाव अस्वलाचे असले तरी ते अस्वल नव्हे. आणि मुंगूस दिसायला कितीही सारखे वाटले तरी ते या कुळातले नव्हे, त्याचे कुळ निराळे आहे. ही चूक मीही करीत होते, म्हणून मुद्दाम सांगितले.

टायराचे शास्त्रीय नाव आयरा बार्बारा. लिनियसने १७५८ साली त्याची शास्त्रात नोंद केली. आयरा या प्रजातीत ही एकच जात आहे. मेक्सिकोच्या उष्ण भागापासून मध्य अमेरिकेतून थेट बोलिव्हिया, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनापर्यंत तो आढळतो. त्रिनिदाद बेटावरही आहे. दाट सदाहरित जंगल हे त्याचे खरे घर आणि त्यातही बहुधा समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या खालचे.

डोके व धड मिळून त्याची लांबी दोन फुटांच्या आसपास असते. वर दीड फुटाला थोडी कमी अशी झुपकेदार शेपूट. वजन तीन ते सात किलो, म्हणजे मोठ्या बोक्याएवढे किंवा त्याहून थोडे अधिक. अंगावरची लव आखूड व काळपट तपकिरी असते, गळ्यावर पिवळसर किंवा केशरी ठिपका असतो आणि डोके व मान धडापेक्षा फिकी, करडी दिसतात. म्हणून मेक्सिकोत त्याला 'व्हिएहो दे मोन्ते' म्हणतात. म्हणजे रानातला म्हातारा! पिकल्या केसांचे डोके घेऊन झाडावरून उड्या मारणाऱ्या या प्राण्याला लोकांनी दिलेले नाव किती चपखल आहे पाहा. ब्राझीलमध्ये त्याला 'पापा-मेल' म्हणजे मधखाऊ म्हणतात. मधाचा नाद त्याला खरोखरच आहे.

आपल्या देशात त्याच्यासारखा दिसणारा भाऊबंद शोधायचा तर सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला जावे लागेल. केरळ, तामिळनाडू व कर्नाटकाच्या डोंगराळ जंगलांत निलगिरी मार्टेन नावाचा दुर्मिळ प्राणी आहे. काळपट अंग, पिवळा गळा, झाडावरचा वावर हे सारे तसेच. महासागरांच्या दोन टोकांना राहणारे एकाच कुळातले हे दोघे सारख्याच वेशात वावरतात, याचे मला फार नवल वाटले.

वावर आणि आहार

जंगलातले पुष्कळ मांसाहारी प्राणी रात्री बाहेर पडतात. टायरा मात्र दिवसाचा प्राणी आहे. सकाळपासून तो कामाला लागतो. बहुधा एकटा, कधी जोडीने, कधी आईमागून चालणाऱ्या पिलांसह. जमिनीवर चालताना पाठ कमानीसारखी वाकवून उड्या टाकीत जातो. झाडावर तर तो अधिकच मोकळा असतो. पायांना मजबूत नख्या असल्यामुळे सरळसोट खोडही तो चढतो, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेतो आणि डोके खाली करून उतरतो. पोहायलाही त्याला चांगले येते. कुत्री मागे लागली की झाडावर चढायचे, फांद्याफांद्यांवरून बरेच अंतर कापायचे आणि भलतीकडेच उतरून पळ काढायचा, ही त्याची युक्ती. कुत्री पहिल्याच झाडाखाली भुंकत राहतात.

त्याची दृष्टी बेताची, पण नाक तीक्ष्ण. भक्ष्याचा माग तो वासाने काढतो. मांजरासारखे दबा धरून बसणे त्याच्या स्वभावात नाही. वास लागला की शोधायचे आणि दिसले की पाठलाग करायचा, हीच त्याची रीत. उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी, सरडे, इग्वाना, पक्षी, अंडी, किडे, मध आणि फळे असे सर्व काही त्याला चालते. क्वचित लहान माकडांवरही तो झडप घालतो. शेतकऱ्यांच्या कोंबड्या पळविण्याचा दोषही त्याच्या माथी आहे. उलट, काही आदिवासी लोक त्याला माणसाळवून घरातील उंदीर-घुशींच्या बंदोबस्तासाठी पाळीत असत, अशीही नोंद सापडते. म्हणजे एकाच्या दारी चोर, तर दुसऱ्याच्या दारी राखणदार!

एवढ्याशा जनावराला लागणारे रान मात्र मोठे असते. बेलीझ या देशात काही टायरांच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधून त्यांच्या हालचाली पाहण्यात आल्या. तेव्हा एकेकाचा वावर सुमारे १६ ते २४ चौरस किलोमीटर भरला. एवढ्या जागेत आमच्याकडची दोन-तीन गावे शिवारासकट सहज मावतील.

घरसंसार

टायराची मादी झाडाच्या ढोलीत, दुसऱ्या प्राण्याने सोडलेल्या बिळात किंवा दाट गवतात आसरा करते. या कुळातील काही प्राण्यांमध्ये गर्भ धारण झाल्यावर त्याची वाढ महिनोन् महिने थांबून राहते. टायरात तसे होत नाही. गर्भकाळ ६३ ते ६७ दिवसांचा असतो. एका वेळी एक ते तीन पिले होतात, बहुधा दोन. ती जन्मतः आंधळी असतात आणि डोळे उघडायला महिन्याहून अधिक काळ लागतो. दोन-तीन महिने ती आईच्या दुधावर असतात. पुढे आई त्यांना खाणे आणून देऊ लागते. दहा महिन्यांच्या सुमारास पिले स्वतंत्र होतात. हा दहा महिन्यांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

आबांचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कोस्टारिका हा मध्य अमेरिकेतील छोटा देश. केळीच्या निर्यातीत त्याचे नाव जगभर आहे. तेथील सोले आणि आल्वाराडो-दियास या दोन अभ्यासकांनी २०११ साली टायराच्या साठवणीच्या सवयीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी स्वतः पाहिलेले प्रसंग आणि इतर जाणकारांचे अनुभव त्यात एकत्र केले आहेत. टायरा भाजीच्या केळीचे हिरवे फळ तोडतो, ते न खाता दूर नेऊन लपवतो आणि ते पिकल्यावर परत येऊन खातो, असे त्यांना आढळले.

या निबंधाचा गाभा कोणता, तर आबांनी विचारलेला प्रश्न! कोवळे तोडतो की भरलेले?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे थोडे समजावून सांगते. काही फळे झाडावरून उतरविल्यावर पिकत नाहीत. द्राक्ष, संत्रे, मोसंबी ही तोडली तेव्हा जशी असतील तशीच राहतात. आंबा, केळ, चिकू, पपई यांचे तसे नाही. ही फळे तोडल्यावरही आतून चालूच असतात. त्यांचा श्वासोच्छ्वास एकदम वाढतो, इथिलीन नावाचा वायू तयार होतो, त्यामुळे पिष्टाची साखर होते, गर मऊ पडतो, रंग पालटतो. एक पिकलेले फळ शेजारच्या फळांना पिकवते ते याच वायूमुळे. आपण आंब्याची आढी घालतो तेव्हा हेच करीत असतो. परंतु यात एक अट आहे. फळ पूर्ण भरलेले हवे. कोवळा आंबा आढीत घातला तर तो सुरकुततो, पिकत नाही. केळीचेही तेच. केळाच्या अंगावरच्या कडा बोथट होऊन ते गोल दिसू लागले की घड कापायचा. आठवडाभर आधी कापला तर माल हलका, उशीर झाला तर तो वाटेतच पिकून जायचा. आबा बागेत शिरले की घडाकडे एकदा पाहतात आणि सांगतात, हा आज, हा चार दिवसांनी. त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. त्यांना वाचता येत नाही.

त्या दोन अभ्यासकांच्या निबंधात उत्तर मिळाले : टायरा भरलेली फळे निवडतो. कच्ची, खाता न येणारी, पण तोडल्यावर पिकतील अशीच. मी घरी जाऊन आबांना सांगितले. ते म्हणाले, "मग त्याले समजते." एवढेच बोलून ते विळा घासायला बसले.

बुद्धी की उपजत प्रेरणा?

आबांचा निकाल झाला, पण शास्त्राचा निकाल इतका लवकर लागत नाही. आमच्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात लॉइड मॉर्गन यांचा १८९४ सालचा नियम दिलेला आहे. एखाद्या प्राण्याचे वागणे साध्या कारणाने समजावता येत असेल, तर त्यासाठी वरच्या दर्जाची बुद्धी गृहीत धरू नये, असा त्याचा आशय. खारही दाणे पुरून ठेवते. म्हणून ती उद्याचा विचार करते असे आपण म्हणत नाही. तो तिच्या रक्तातलाच गुण असू शकतो.

मग टायरात वेगळे काय? खार जे पुरते ते आजही खाण्याजोगे असते. टायरा जे लपवतो ते आज त्याचे अन्नच नसते, पुढे अन्न होणार असते. हिरव्या केळाला ना गोड वास, ना चव. तरीही तो ते निवडतो, वाहून नेतो, सोडून जातो आणि नेमका परत येतो. जे अजून झालेले नाही त्यासाठी आज श्रम करणे, ही फक्त माणसाची मिरास आहे असे आपण समजत आलो आहोत. स्वीडनमधील फुरुविक प्राणिसंग्रहालयातला सांतिनो नावाचा चिंपांझी सकाळी प्रेक्षक येण्यापूर्वीच दगड गोळा करून ठेवी आणि पुढे त्यांच्यावर फेकी. मथियास ओस्वाट यांनी २००९ साली ते प्रसिद्ध केले, तेव्हाही हाच वाद उभा राहिला होता.

टायराच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. केळ अमेरिकेतले नाही. ते मूळचे आपल्या आशियाकडचे. सोळाव्या शतकात युरोपीय लोकांनी ते तिकडे नेले. म्हणजे टायराची आणि केळीची ओळख फार तर पाचशे वर्षांची. एवढ्या काळात नवी उपजत प्रेरणा अंगी मुरते का? यावरून कोणी म्हणेल, टायरा नव्या फळाबद्दल नव्याने शिकला. परंतु तो सापोटे या तिकडच्याच फळाचीही अशीच साठवण करतो, असे त्याच निबंधात आहे. सापोटे हा आपल्या चिकूच्या कुळातला. तोही तोडल्यावर पिकतो आणि तो त्या जंगलात फार पुरातन काळापासून आहे. तेव्हा जुनी सवय नव्या फळावर चालविली, असेही म्हणता येईल. मात्र तसे म्हटले तरी सापोटे भरल्याची खूण वेगळी आणि केळ भरल्याची खूण वेगळी. ही दुसरी खूण त्याने कुठून तरी मिळविलीच असणार. अभ्यासकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले आहे. मला तो त्यांचा प्रामाणिकपणा वाटला.

हा सारा ऊहापोह मी आबांना सोपा करून सांगितला. उपजत की शिकलेले, असा पेच आहे म्हटले. ते म्हणाले, "त्याच्या मायनं दाखोलं असंल. आम्हाले बी बापानंच दाखोलं." मला तो दहा महिन्यांचा आकडा आठवला. इतके दिवस पिले आईबरोबर असतात, तिच्याकडून खाणे घेतात, तिच्यामागून हिंडतात. तेवढ्या काळात पाहून शिकायला वाव आहे खरा. आईवेगळी वाढलेली पिले हिरवी फळे साठवतात की नाही, हे पाहिले तर आबांचे म्हणणे तपासता येईल. तोवर ते सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. मात्र हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, एवढे नक्की.

जंगल आणि टायरा

टायरा आज जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आहे असे नाही. जागतिक पातळीवर त्याला सध्या फारसा धोका नाही, असेच वर्गीकरण आहे. पुन्हा वाढलेले रान, बागा, वस्तीजवळची झाडी यांतही तो निभावून नेतो. पण सर्वत्र तसे नाही. मेक्सिकोत जंगल तोडून शेती व कुरणे झाली, तसा तिथला टायरा विरळ झाला आणि त्या देशाने त्याला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. होंडुरासने त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर देखरेख मागितली आहे. ज्याला वीस चौरस किलोमीटर रान लागते, त्याच्या रानाचे तुकडे झाले तर तो एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणार कसा? वाटेत कुत्री आहेत, रस्ते आहेत, कोंबड्यांचे मालक आहेत. आणि तो गेला तर एकटा जाणार नाही. तो फळे खातो व त्यांच्या बिया दूरवर टाकतो, उंदीर-घुशींना आवर घालतो. ही त्याची कामे कोणाच्या हिशेबात नसतात.

मी टायरा पाहिलेला नाही आणि बहुधा कधी पाहणारही नाही. ग्रंथालयातल्या पुस्तकातले एक काळे-पांढरे चित्र, एवढीच आमची ओळख. तरीही या प्राण्यामुळे मला माझ्याच घरातली एक गोष्ट नव्याने दिसली. प्रथम वर्षाच्या प्रवेश-अर्जात 'वडिलांचे शिक्षण' असा एक रकाना होता. त्यात मी 'निरक्षर' असे लिहिले होते आणि लिहिताना अर्ज हाताने झाकून धरला होता. जो लिहिला तो शब्द खोटा नव्हता, पण अपुरा होता. ज्या प्रश्नापाशी दोन अभ्यासक आयुष्यातला बराच वेळ देऊन पोहोचले, तो प्रश्न आबांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारला. फरक एवढाच, की अभ्यासकांनी तो लिहून ठेवला, तपासला आणि सर्वांसाठी खुला केला. आबांचे ज्ञान त्यांच्या डोळ्यांत आणि विळ्यात आहे; ते लिहून काढणारे घरात कोणी नव्हते.

आता आहे. या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर बागेत जाऊन घड भरल्याच्या सगळ्या खुणा वहीत उतरवून घेणार आहे. ज्यांच्या घरी असे न लिहिलेले काही असेल, मग ते शेतातले असो, जाळ्यातले, चाकावरचे की चुलीपुढचे, त्यांनीही ते लिहून ठेवावे आणि पुढल्या वर्षी या अंकाकडे पाठवावे, अशी माझी विनंती आहे.